दवाखान्याचे बिल : काल आणि आज

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. गेली काही वर्षे मंडळाच्या मदत निधीचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी या निधीकडे अर्ज येत ते मुलांच्या फीसाठी, वह्यापुस्तकांसाठी, क्वचित एखाद्या भगिनीला शिवणयंत्र घ्यावयाचे असे त्यासाठी. अलीकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांना मात्र एकच कागद जोडलेला असतो, आणि तो म्हणजे दवाखान्याचे बिल. ही बिले काही दुर्धर रोगांची नसतात. ताप, बाळंतपण, मूतखडा, मोतीबिंदू, खेळताना मोडलेला मुलाचा हात, अशी घरोघर चालत आलेली ही दुखणी. दुखणे ओळखीचे, परंतु बिल अनोळखी! आणि अर्जातले एक वाक्य तर ठरलेलेच : ‘इतका खर्च येईल असे वाटले नव्हते.’

हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून माझ्या मनात प्रश्न उभा राहिला, की हे असे केव्हापासून झाले? आपल्या आज्या-पणज्या औषधपाण्याचे पैसे कसे देत असत? आणि सरकारने व कायद्याने या बाबतीत आजवर काय केले? मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. तथापि वाचनालयात जे मिळाले ते वाचले, चार जाणत्या माणसांना विचारले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

जुन्या काळी गावात वैद्यबुवा असत. त्यांच्या औषधाला छापील दर नव्हता. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, कोणी धान्य द्यावे, कोणी दक्षिणा द्यावी, अशी रीत होती. बाळंतपणाला सुईण येई. तिला लुगडे-खण, नारळ, शेरभर धान्य मिळे. मुलगा झाला तर थोडे अधिक! या व्यवहारात काय द्यावयाचे ते दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असे. परंतु म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. खर्च कमी होता, कारण उपचारच थोडे होते. बाळंतरोगाने किती लेकीबाळी गेल्या आणि देवीच्या साथीत किती घरे रिकामी झाली, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. बिल नव्हते, तसा पुष्कळदा इलाजही नव्हता.

इस्पितळे आली ती इंग्रजी अमदानीत, आणि त्यांतील पुष्कळशी दानावर उभी राहिली. मुंबईचे जे. जे. इस्पितळ सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये सुरू झाले. पुण्याचे ससून डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले. परंतु स्त्रियांचा प्रश्न निराळाच होता. पुरुष डॉक्टरांपुढे जावयाचे नाही, या रिवाजापायी किती जणींनी दुखणी अंगावर काढली असतील याची गणती नाही. त्यांच्या वाटेत पैशाआधी लाज उभी होती. ही अडचण ओळखून मुंबईतील काही सज्जनांनी १८८२-८३ च्या सुमारास निधी उभारला व विलायतेहून डॉ. एडिथ पेची या स्त्री-डॉक्टरांना बोलावून घेतले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या दानातून स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा इस्पितळ १८८६ मध्ये उघडले. त्याच्या आदल्याच वर्षी लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला होता व त्यातून देशभर जनाना इस्पितळे उभी राहू लागली. इकडे पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले आणि तेथील भगिनी ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. मुंबईचे के. ई. एम. इस्पितळ आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ मधली. त्या पिढीचा विचार असा होता, की इस्पितळ हे धर्मशाळेसारखे लोकोपयोगी काम होय. ज्याला देता येईल त्याने द्यावे आणि ज्याला देता येत नाही त्याला परत पाठवू नये.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल सादर केला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये, हे त्यातले मुख्य सूत्र. १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला व गिरणी-कारखान्यांतील कामगारांना विम्याचे दवाखाने मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, आपल्या मुंबई प्रांताने खाजगी नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. इस्पितळात लायक डॉक्टर असावा, शिकलेल्या परिचारिका असाव्यात, जागा स्वच्छ असावी, हे सारे त्यात आले. परंतु रोग्याकडून घ्यावयाच्या दरांची पाटी लावण्याचे बंधन त्यात नव्हते. त्या काळी त्याची उणीव कोणाला भासलीही नसेल. गल्लीतले डॉक्टर घरच्यासारखे असत. खुणेचा कागद चिकटवलेल्या बाटलीतून तांबडे औषध मिळे आणि महिन्याचा हिशेब महिनाअखेरीला चुकता होई.

दर आधी कळला पाहिजे, हा विचार आपल्याकडे कायद्यात आला तो इस्पितळाच्या दारातून नव्हे, तर औषधाच्या दुकानातून. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिनसारखी गुणकारी औषधे आली. पूर्वी ज्या तापाने माणूस जाई तो आठवड्यात उठून बसू लागला. पण ही औषधे परदेशांतून येत आणि महाग असत. १९५४ मध्ये आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तरीही खाजगी कंपन्यांच्या काही औषधांच्या किमती इतक्या चढ्या होत्या, की अमेरिकेच्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९६० च्या सुमारास चौकशी केली तेव्हा, काही अँटिबायोटिक औषधांच्या बाबतीत हिंदुस्थानातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात असे तिला आढळले. दरिद्री देशाने सर्वांत महाग औषध विकत घ्यावे, याला काय म्हणावे?

पुढे १९६२ चे चीनचे युद्ध आले. महागाई वाढू लागली. त्या वर्षी सरकारने औषधांच्या किमती प्रदर्शित करण्याचा हुकूम काढला आणि लगेच १९६३ मध्ये किमती गोठविण्याचा दुसरा हुकूम निघाला. आधी ‘लिहा’ आणि मग ‘वाढवू नका’, असा हा क्रम आहे. तो मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण जी किंमत लिहिलेलीच नाही ती वाढली हे तरी कोणी सांगावे? १९७० मध्ये औषध-किंमत नियंत्रणाचा व्यापक आदेश आला. त्याच वर्षी पेटंटचा नवा कायदा मंजूर झाला व तो १९७२ पासून लागू झाला. त्यामुळे तेच औषध निराळ्या रीतीने तयार करण्याची मुभा आपल्या कारखान्यांना मिळाली आणि पुष्कळ औषधे स्वस्त झाली. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीचा अहवाल आला. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ मूळ औषधांच्या किमतींवर नियंत्रण होते. पुढे मात्र ही यादी आखडत गेली. १९८७ मध्ये ती १४२ वर आली आणि १९९५ मध्ये ७४ वर. २०१३ च्या आदेशाने पद्धतच बदलली. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांना बाजारातील सरासरी किमतीवरून कमाल मर्यादा ठरविली जाऊ लागली. यादीबाहेरच्या औषधाला अशी मर्यादा नाही, फक्त त्याची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही.

औषधांची ही कथा चालू असताना इस्पितळांचे रूप पालटत होते. १९८० नंतर खाजगी इस्पितळे झपाट्याने वाढली. नवी यंत्रे आली, नव्या तपासण्या आल्या, आणि त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचविले हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. परंतु जुन्या दानाच्या कल्पनेचे काय झाले? कित्येक मोठी इस्पितळे कागदोपत्री धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली होती. करात सवलत मिळे, काहींना जमीनही सवलतीत मिळालेली. आणि दारात गेलेल्या गरिबाला मात्र आधी अनामत रक्कम भरावयास सांगत. याला आळा घालण्यासाठी आपल्या राज्याने १९८० च्या दशकात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१ कक हे कलम घातले. तरी त्याची अंमलबजावणी नीट होईना. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली व न्यायालयाने २००६ मध्ये एक योजनाच मंजूर केली. तिच्याप्रमाणे धर्मादाय इस्पितळाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या आहेत. त्या खर्चासाठी एकूण बिलांच्या रकमेतील २ टक्के निराळ्या निधीत टाकावयाचे आहेत. आणीबाणीत आलेल्या रुग्णाकडे अनामत न मागता त्याला दाखल करून घ्यावयाचे आहे. अशी इस्पितळे महाराष्ट्रात चारशेच्या वर आहेत. तरीही २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती भगिनीच्या मृत्यूनंतर, इस्पितळाने मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि सारे राज्य हळहळले. नियम होऊन तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती! कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो दारात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असावा लागतो, हे त्या वेळी मला तीव्रतेने जाणवले.

येथे घरचीच एक हकीकत सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई गेली बारा वर्षे एकट्या राहतात, यजमानांच्या निम्म्या पेन्शनवर. त्यांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. जवळच्या एका खाजगी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला गेल्या तेव्हा ‘पंचवीस हजारांत सगळे होईल’ असे तोंडी सांगण्यात आले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, याबद्दल डॉक्टरांचे उपकारच. तीन तासांत त्या घरी जावयास मोकळ्याही झाल्या. परंतु हातात बिल पडले ते ४६,८५० रुपयांचे. लेन्स ‘वरच्या प्रतीची’ घातली होती. ती कोणी सुचविली, कोणी हो म्हटले, काही पत्ता नाही. शस्त्रक्रियेच्या साहित्याचा आकडा निराळा, नोंदणीचा निराळा. मी तपशीलवार बिल मागितले. प्रथम ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले. बराच वेळ बसून राहिल्यावर ते मिळाले, आणि त्यात एका पूर्ण दिवसाचे खोलीभाडे निघाले. तेवढे त्यांनी कमी केले. बाकीचे भरण्यासाठी जाऊबाईंनी मुदतठेव मोडली.

पण खरे नुकसान त्या ठेवीचे नव्हते. डावा डोळाही पिकत आला होता. त्याचे नाव काढले की त्या म्हणत, ‘राहू द्या, एका डोळ्याने दिसते तेवढे पुरे.’ दोन वर्षे त्यांनी तो डोळा तसाच ठेवला. जिना उतरताना एकदा पाय चुकून पडता पडता वाचल्या. शस्त्रक्रियेची भीती त्यांना मुळीच नव्हती. भीती होती ती बिलाची. पुढे एका धर्मादाय न्यासाच्या इस्पितळात आम्ही आधी खर्चाचा लेखी अंदाज घेतला, कोणती लेन्स हे त्यावर लिहून घेतले आणि मग तारीख ठरविली. बिल त्या अंदाजाप्रमाणे आले. भगिनींनो, अनपेक्षित बिल हे एकदा खिसा रिकामा करून थांबत नाही. ते पुढच्या वेळी माणसाला दवाखान्याची पायरीच चढू देत नाही. आणि घरात काटकसर करावयाची वेळ आली की पहिली काटकसर बाईच्या दुखण्यावर होते, हे मी येथे निराळे सांगावयास नको.

त्या निमित्ताने या लेन्सचा इतिहास मी वाचला, आणि तो सांगण्यासारखा आहे. डोळ्यात बसवावयाची कृत्रिम लेन्स पूर्वी परदेशातून येई व तिची किंमत शंभर डॉलरांच्या आसपास असे. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. तेथे गरिबांवर मोफत आणि ऐपतदारांवर पैसे घेऊन उपचार होत, आणि दोन्हींचा मेळ घालून इस्पितळ स्वतःच्या पायांवर उभे राहिले. लेन्सची किंमत ही मोठी अडचण होती, म्हणून त्यांनी १९९२ मध्ये स्वतःचाच कारखाना काढला आणि तीच वस्तू सुमारे दहा डॉलरांत तयार करून दाखविली. सरकारचा अंधत्व-नियंत्रण कार्यक्रमही १९७६ चाच. त्याखाली सरकारी इस्पितळांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. म्हणजे वस्तू मुळातच महाग आहे, असे नेहमी नसते. तिच्यावर मध्ये काय चढते ते आपल्याला दिसत नसते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या स्टेंटची गोष्टही अशीच. दिल्लीचे एक वकील, बिरेंदर सांगवान, यांच्या ध्यानात आले की स्टेंटच्या किमतीला काही धरबंध नाही. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक यादीत आला व फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध-किंमत प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत ठरविली. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्याला २९,६०० रुपये. तोवर या दुसऱ्या जातीच्या स्टेंटला लाख-सव्वा लाख व त्याहूनही अधिक रुपये मोजावे लागत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यालाही मर्यादा घातली गेली. दीड लाखाच्या घरात जाणारा नेहमीच्या प्रकारचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला.

यावर कोणी म्हणेल, ‘प्रत्येक वस्तूवर किंमत छापलेली असतेच, मग फसवणूक कशी?’ त्याचेही उत्तर याच प्राधिकरणाने दिले आहे. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका खाजगी इस्पितळात डेंग्यू झालेली सात वर्षांची मुलगी दगावली आणि आईबापांच्या हाती पंधरा दिवसांचे पंधरा लाखांवर बिल पडले. त्यात शेकडो सिरिंजा आणि हातमोजे मोजलेले होते. देशभर आरडाओरड झाली. प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार मोठ्या इस्पितळांची बिले तपासली व फेब्रुवारी २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधे व साहित्य यांवर इस्पितळांचा नफा काही बाबतींत १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. छापील किंमत कोणी ओलांडली नव्हती. ती मुळातच फुगवून छापलेली होती, कारण इस्पितळे मोठ्या संख्येने माल घेत आणि त्यांना फुगवलेली किंमत सोयीची असे. दर लिहिलेला असणे पुरेसे नाही. तो कोणी लिहिला आणि कोणी तपासला, हेही पाहावे लागते.

तो तपासला म्हणजे काय होते, हे करोनाच्या साथीत आपण प्रत्यक्ष पाहिले. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खाजगी इस्पितळांतील ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले. विलगीकरणाच्या खाटेला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० रुपये आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र लागले तर ९,००० रुपये. ठिकठिकाणी बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले आणि जादा घेतलेले पैसे काही कुटुंबांना परतही मिळाले. पुष्कळांना मिळाले नाहीत, हेही तितकेच खरे. पती गमावलेल्या कित्येक भगिनी बिलांच्या पिशव्या घेऊन हेलपाटे घालीत होत्या आणि जनआरोग्य अभियानासारख्या संघटनांनी त्यांच्या तक्रारी पुढे नेल्या. तो आदेश साथीपुरता होता, तो संपला. परंतु इस्पितळाचे दर सरकार बांधू शकते व बिल तपासले जाऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतरचा एक बदल आपल्या रोजच्या उपयोगाचा आहे. वर सांगितलेल्या १९४९ च्या कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारण्यात आले. आता प्रत्येक खाजगी नर्सिंग होमने रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागी लावली पाहिजे आणि खाट, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू इत्यादी पंधरा बाबींचे दरपत्रकही लावले पाहिजे. १९४९ मध्ये जी ओळ राहून गेली होती ती बहात्तर वर्षांनी लिहिली गेली! हे दर किती असावेत याचे बंधन नाही, फक्त ते सांगण्याचे आहे. तेवढेही थोडे नव्हे. सुईणीच्या वेळी जे आपोआप ठाऊक असे, ते निदान आता भिंतीवर वाचावयास मिळावे.

डॉक्टरांवर सरसकट दोषारोप करणे मला मान्य नाही. आपल्याच परिसरात रात्री-अपरात्री उठून येणारे आणि गरिबाकडून पैसे न घेणारे डॉक्टर आहेत. जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, परिचारिकांचे पगार हे सारे त्यांनाही चुकत नाही. किंबहुना या व्यवहारातील दोष प्रथम धीटपणाने सांगितले ते डॉक्टरांनीच. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशातील अनेक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. अनावश्यक तपासण्या, दलाली आणि इस्पितळांनी डॉक्टरांना आखून दिलेली लक्ष्ये, हे सारे डॉक्टरांच्याच तोंडून त्यात आले आहे. रोग्याने दर विचारला तर प्रामाणिक डॉक्टराला राग येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

सरकारी बाजूनेही काही चांगले घडले आहे. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २००४-०५ मध्ये ६९ टक्क्यांच्या वर होता. सरकारी हिशेबाप्रमाणे तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेचे असले तरी, औषधे व जेवणासह मोफत आहे. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या जीवनदायी योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले, आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या इस्पितळांतील उपचार मोफत झाले. तेथे गर्दी आहे, औषधे कधी संपतात, हे मी जाणते. तरी चौकशी न करताच कर्ज काढू नये, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा आपण काय करावे? शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात काय धरलेले नाही ते मुद्दाम विचारावे. दाखल होतानाच दरपत्रक कोठे लावले आहे ते पाहावे. घरी येताना तपशीलवार बिल घ्यावे व ओळ न् ओळ वाचावी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सुचविलेल्या रुग्णांच्या सनदेप्रमाणे औषध कोठून घ्यावे आणि तपासणी कोठे करावी हे निवडण्याचा हक्क रोग्याला आहे, आणि बिलासाठी रोग्याला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. इस्पितळ धर्मादाय आहे का ते विचारावे. सवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात समजते. अन्याय झालाच तर ग्राहक आयोग आहेत. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे.

परंतु दुखणे घरात आले की एकट्या बाईला हे सारे सुचत नाही. म्हणून वार्षिक सभेपुढे मी एक सूचना ठेवू इच्छिते. मंडळाने एक दरवही ठेवावी. ज्या भगिनीच्या घरी बाळंतपण, मोतीबिंदू, हाडमोड असे काही होईल तिने रोग्याचे नाव झाकून बिल आणून द्यावे. सांगितलेला आकडा, झालेला आकडा आणि दोहोंतील फरक कशाचा, एवढे तीन रकाने पुरेत. पुढच्या बहिणीने जाण्यापूर्वी ती वही पाहावी. आणि इस्पितळात कोणी दाखल झाले तर मंडळातील दोघींनी सोबत जावे. एकीने रोग्याजवळ बसावे, दुसरीने बिल वाचावे. या कामाला पैसा लागत नाही. वही मी आणून ठेवली आहे. पहिली चार पाने मदत निधीकडे आलेल्या बिलांवरून, त्या त्या भगिनींच्या संमतीने, भरलीही आहेत.